विसाजीशेटचं अळणी ताट

“मग तुम्हीच राहा ना, डॉक्टर!”

“मी का म्हणून? माझे पेशंट खोळंबलेत. या बाईला ठेवा. आजारी नवऱ्याला टाकून निघालीय, तिची कोण वाट बघतंय?”

“तोंड सांभाळा! बाटलीत नळाचं पाणी भरून विकणारा माणूस, आणि मला शहाणपण शिकवतोय!”

“अरे, भांडू नका. मी सांगतो. ही मिठागरातली बाई राहील. हिला काय, इथली सवयच आहे.”

“असं होय रे बापू? आंधळा मुलगा डोळस म्हणून खपवलास ना त्या गरीब पोरीला? तूच राहा. तुझी जीभ त्या शेटला लोणच्याला उपयोगी पडेल.”

ही शेवटची बोलली ती माझी सासू. गोमीबाय.

ऐका. भांडणापासून सुरुवात केली म्हणून गोंधळू नका. सगळं सांगते. हळदीची रात्र आहे, झोप कुणाला येणार आहे? आणि जावईबापू, तुम्ही ती गाडीची चावी खाली ठेवा आधी. बर्फावाचून कुणाचं लग्न अडलेलं नाही. आणायचाच असेल तर हमरस्त्याने जा, वळसा पडू दे. खारबांधावरून दहा मिनिटांत येतो म्हणता ना? त्याच बांधाची गोष्ट आहे ही. बसा. उखाणा घ्यायला लावत नाहीये, नुसतं ऐकायचंय.

तर, त्या दिवशी एसटी बंद पडली. आपल्या फाट्यावर, दिवेलागणीनंतर. बाकीची माणसं बसमध्येच पाय पसरून झोपली. चौघांना मात्र धीर नव्हता. त्यांना खाडीपलीकडच्या धक्क्यावर पोचायचं होतं.

एक होता दामू. शहरातल्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथून काढून टाकल्यावर खेड्यात येऊन डॉक्टर झाला. गळ्यात ती नळी घालून फिरायचा. झोपतानासुद्धा काढत असेल की नाही देव जाणे. दुसरा बापू, लग्नं जुळवणारा. गोड बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. सकाळी पलीकडे त्याचा एक साखरपुडा होता. तिसरी सुलोचना. तिशीची असेल. हातात पत्र्याची पेटी, आणि नजर सारखी मागे. पहाटेच्या लाँचने तिला मुंबई गाठायची होती. घरी नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ही निघाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि चौथी आमची गोमीबाय. मिठागरात कामाला. उन्हात उभी राहून राहून काळी, आणि बोलणं असं की मीठसुद्धा फिकं पडावं. माझं नि तिचं जन्मात पटलं नाही. पण ती खोटं सांगायची नाही. म्हणजे, मला तरी नाही.

बांधाची वाट माहीत होती ती एकटीला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे, आणि मधून तेव्हा माणूसभर रुंदीची मातीची वाट, आता तिथून गाडी जाते. दिवसा सगळे जातात. दिवे लागले की कुणी जात नाही. गोमीबायला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. ती म्हणालीसुद्धा, “आता नाही. सकाळी नेते.”

तर बापूने काय म्हणावं? “राहू द्या हो. बाईमाणूस आहे, घाबरली.”

झालं! माझ्या सासूला एवढं पुरे होतं. ओचा खोचला आणि निघाली पुढे.

थोडं चालल्यावर दामूला कंदील दिसला. पुढे, बांधावरच. कुणीतरी हातात धरून चाललंय असा झुलत झुलत. दामूने हाक मारली, “ओ पाव्हणं, थांबा!” कंदील थांबला. ही चौघं चालू लागली, तोही चालू लागला. ही थांबली, तोही थांबला. अंतर तेवढंच. कमी नाही, जास्ती नाही.

“पहारेकरी असेल,” बापू म्हणाला.

गोमीबायने नुसता ओचा घट्ट केला. मिठागराला रात्रीचा पहारेकरी नाही, हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार! का माहीत होतं ते पुढे कळेल.

मग मागून पावलं. ओली. चपक, चपक. वळून बघावं तर कुणी नाही, नुसती बांधावर पाण्याची रेघ. सुलोचना म्हणाली, “अहो, आपण आलो ती वाट कुठाय?”

वाट पाण्याखाली गेली होती. भरती लागली होती. खाडी मागून बांध गिळत येत होती, शांतपणे, जशी गाय कडबा खाते. आता मागे फिरणं संपलं. पळा पुढे!

पळाले. आणि समोर बंगला.

ऐका, इथे नीट ऐका. तिथे बंगला नाही. तुम्ही पाहिलंय सगळ्यांनी, तिथे नुसतं जोतं आहे आणि आभाळात गेलेला एक दगडी जिना. वर ना खोली, ना छप्पर. गोमीबायने त्या जिन्याच्या सावलीत बसून शेकडो वेळा भाकरी खाल्ली होती. आणि त्या रात्री तिथे अख्खा दुमजली बंगला उभा. खिडक्यांना रंगीत काचा. आत झुंबर पेटलेलं. दार सताड उघडं.

“मी आत येत नाही,” गोमीबाय म्हणाली. आणि तिच्या घोट्याला पाणी लागलं.

गेली मग. जाईल नाही तर काय करील! एकीकडे खाडी, एकीकडे विसाजीशेटचं घर.

हा विसाजीशेट कोण? मिठागराचा पहिला मालक. माझ्या सासूच्या आजीच्या वेळचा. त्याची एक रीत होती. संध्याकाळी बायका कामावरून सुटल्या की हा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि एकेकीला ओचा झाडायला लावायचा. मिठाचा खडा बाहेर जाता कामा नये. डोंगराएवढ्या राशी घातल्या त्या बायकांनी, आणि घरी जाऊन अळणी कालवण खाल्लं. त्याला म्हणे सगळ्या मिळून बोलल्या होत्या, की तुझ्याही ताटात मीठ टिकायचं नाही.

मग एका वर्षी तुफान झालं. बांध फुटला. मिठागरावरची माणसं लेकराबाळांना घेऊन बंगल्याकडे धावली. याने वरून खिडकी उघडली आणि म्हणाला, “सगळ्यांना जागा नाही. एकजण आत या. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.”

ते ठरवत राहिले. पाणी काही ठरवायला थांबलं नाही.

ओसरल्यावर लोक आले तर विसाजीशेट आत मेजाशी बसलेला. समोर वाढलेलं ताट. अंगावर जखम नाही, पाण्याचा थेंब नाही. मेलेला. तेव्हापासून ते घर रात्री उभं राहतं आणि माणसं आत घेतं. मारत कुणाला नाही, बरं का! त्याला मारावं लागत नाही. दोन गुरांचे व्यापारी सापडले होते त्या जोत्यावर. बुडाले नव्हते. एकमेकांचे गळे धरलेले, तसेच ताठ झालेले.

हसताय काय? हसा. पहाटे थंडी वाजेल तेव्हा आठवेल.

तर ही चौघं आत गेली. दार मागे लागलं. आवाजसुद्धा नाही, कुणीतरी अदबीने लावावं तसं. मेजावर चार ताटं वाढलेली. गरम भात, वाफ येतेय. डाळ. तळलेली मासळी. वाढणारं कुणी नाही. जिन्याच्या वर अंधार, आणि त्या अंधारात खुर्चीचे पाय तेवढे दिसत होते. खुर्चीवर कुणीतरी होतं.

“बसा,” वरून आवाज आला. फार सभ्य आवाज. “दमून आलात. जेवून घ्या.”

बापू लगेच बसला. फुकटाचं ताट त्याने कधी सोडलं नव्हतं. दामू बसला. सुलोचना सकाळपासून उपाशी, तीही बसली. गोमीबाय उभीच.

पहिला घास घेतला आणि दामूने तोंड वाकडं केलं. “मीठ नाही की हो याला.”

“डाळीतही नाही.”

“मासळीसुद्धा अळणी!”

गोमीबायच्या मनात लख्ख उजेड पडला. भुताच्या ताटात मीठ नसतं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण तेवढ्यात बापू म्हणाला, “मिठागरातली बाई ना तू? असेल की कुठे चिमूटभर.” आणि तळहात पुढे केला.

आता इथे माझी सासू चुकली. तिच्या ओच्यात मीठ होतं. भरपूर होतं. आणि मिठागरातल्या बाईला कुणी मीठ मागितलं की तिला कसा ताठा चढतो ते तुम्हाला नाही कळायचं. सोनाराकडे सोनं मागितल्यासारखं वाटतं. तिने ओचा सोडला आणि मूठभर मीठ बापूच्या हातावर ठेवलं. मग दामूच्या. मग सुलोचनेच्या.

हातावर! अगं, लहान पोरीलासुद्धा आपण सांगतो की मीठ हातात देऊ नये, भांडण लागतं. खाली ठेवावं, ज्याने त्याने उचलून घ्यावं. ती विसरली. मीठ घालून तिघं पोटभर जेवली. तीही मग तेच कालवून दोन घास जेवली.

आणि ताटं संपता संपता वरून आवाज आला.

“डॉक्टर, वरच्या खोलीत एक मूल खोकतंय. तुमचंच नळाच्या पाण्याचं औषध चालू होतं त्याला. खाली उतरायचं म्हणतंय.”

खरंच वर कुणीतरी खोकत होतं. बारीक, कोरडं. दामूचा हात गळ्यातल्या नळीवर गेला आणि तिथेच राहिला.

“बापूसाहेब, तुम्ही आंधळ्याच्या गळ्यात बांधलेली नवरी आलीय. तुम्हाला पान द्यायचं म्हणते.”

जिन्यावर बांगड्या वाजल्या.

“आणि सुलोचनाबाई, आजारी नवऱ्याला टाकून आलात ना? हे कोण वाजवतंय बघा.”

टण. टण. टण. तांब्यावर कुणीतरी अंगठी आपटत होतं. पाणी संपलं की तिचा नवरा तसं वाजवायचा. सुलोचनेने कानांवर हात घेतले. टण. टण.

“उठा!” गोमीबाय ओरडली. दाराला धक्का दिला. दार हलेना. खालून पाणी आत येऊ लागलं. फळीफळीतून. ताटं तरंगली. चौघं जिन्यावर चढली. दुसरीकडे जाणार कुठे?

“एवढी घाई नको,” आवाज म्हणाला. “मी दार उघडतो. पण माझ्या घरी जेवलात तुम्ही. खाल्ल्या मिठाला जागायला नको? एकजण मागे राहा. मला जेवताना सोबत नाही. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.”

आणि सुरू झालं, मघाशी सांगितलं ते. तू राहा, तू का नाही राहत! एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं की पाणी एक पायरी चढायचं. त्यांना दिसत होतं ते, तरी तोंडं थांबत नव्हती. माणसाचं असंच असतं. बुडताना हातपाय थकतात, जीभ थकत नाही. दामूने सुलोचनेचा दंड धरला, खाली लोटायला. सुलोचनेने पेटी त्याच्या तोंडावर मारली. बापू मागून गोमीबायचा पदर ओढत होता. आणि गोमीबाय? ती काही देवी नव्हती. तीही सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडत होती, “तुम्ही तिघंही पापी! मी उभ्या जन्मात कुणाचा खडा उचलला नाही! मी नाही राहणार!”

तिने असं म्हटलं आणि पाणी दोन पायऱ्या चढलं.

आता मी एक करते. सकाळी काय झालं ते आधी सांगून टाकते. कारण ते भांडण ज्या वाक्याने मिटलं, त्याच्यानंतर मला बोलायचं काही उरत नाही.

सकाळी ओहोटी लागल्यावर मिठागरातल्या बायका कामाला आल्या. बघतात तर उघड्या आभाळाखाली त्या जिन्यावर चौघं बसलेली. सगळ्यात वरच्या पायरीवर, एकमेकांना धरून, चिमण्या बसतात तशी. पाण्याची ओल त्यांच्या पायाखालच्या पायरीपर्यंत आलेली. अजून एक पायरी, आणि आज ही गोष्ट सांगायला मी या घरात सून म्हणून आलेच नसते.

सुलोचना मुंबईला गेली नाही. पहिल्या गाडीने घरी गेली. नवरा जिवंत होता, ओठ सुकले होते. तिने त्याला पाणी पाजलं आणि म्हणाली, “एकटीने होत नाही मला.” मग दिराला बोलावून घेतलं, वाटणी लावली कामाची. बापूने त्यानंतर जे स्थळ आणलं त्याचे सगळे दोष आधी सांगून टाकले. धंदा बसला त्याचा. आणि दामू सुधारला असं मी म्हणणार नाही. बाटलीत पाणी घालायचाच, पण पोराबाळांच्या औषधात नाही.

हे मला कसं माहीत? अहो, ती तिघं या घरी यायची! दर वर्षी. सणाला, बारशाला, काही नसलं तरी. माझ्या लग्नात घरच्या पंगतीत बसली होती. ना नात्याची, ना जातीची, ना गावची. मी नवी सून, चुलीपुढे घामाघूम. सासूला विचारलं, “ही कोण?” तर म्हणाली, “वाढ गुमान.” वीस वर्षं वाढलं मी गुमान. सासू गेली तेव्हा सुलोचना आली आणि चुलीपाशी बसून रडली. मग तिनेच मला सांगितलं, त्या रात्री शेवटी काय झालं ते.

बांध अजून आहे. जिना आहे. आता लोकांनी तिथे दिवे लावलेत म्हणे, हॉटेल काढायचं म्हणतात, खाडी बघत जेवायला. काढोत. मी मिठाच्या गोण्यांवरची नावं वाचून अक्षरं शिकले, पण एवढं मला कळतं, की ज्या घराने माणसांना माणसांतून एक निवडायला लावलं, त्या घराच्या वाटेला दिवे लागल्यावर जाऊ नये. पायी नाही, गाडीने नाही, बर्फासाठी तर नाहीच. आणि कधी चुकून अडकलात, आणि समोर ताट आलं, तर आधी चव बघा.

ठेवलीत चावी? बरं केलंत, जावईबापू.

तर पाणी गुडघ्याला लागलं होतं. दामूचे हात सुलोचनेच्या गळ्याकडे गेले होते. आणि वरून तो सभ्य आवाज पुन्हा म्हणाला, “ठरवा लवकर. खाल्ल्या मिठाला जागा.”

गोमीबाय ओरडता ओरडता थांबली.

“कुठल्या मिठाला?” तिने विचारलं.

ती एक पायरी वर चढली.

“शेट, मी विचारतेय तुम्हाला. कुठल्या मिठाला? तुमचं ताट अळणी होतं. भात अळणी, डाळ अळणी, मासळी अळणी. तुमच्या घरचा मिठाचा कण यांच्या पोटात नाही. यांनी मीठ खाल्लं ते माझं. माझ्या ओच्यातलं.”

दामूचे हात खाली आले. बापूने पदर सोडला. तिघंही तिच्याकडे बघू लागली. पाणी होतं तिथे थांबलं.

मग खुर्ची करकरली. आवाज हसला. “तुझं? आणि तुझ्या ओच्यात ते आलं कुठून, गोमीबाय? ते माझ्या आगरातलं मीठ आहे. माझी रास, माझे वाफे. मघाशीच म्हणालीस ना, कुणाचा खडा उचलला नाही? मग सांग यांना. दिलं कुणी तुला?”

आणि पाणी पुन्हा हललं.

बघा आता, काय वेळ आली तिच्यावर. मिठागरात सगळ्यांत कडक बाई म्हणून तिचं नाव. दुसरीने मूठभर उचललं तर गावभर करणारी हीच. आणि रोज संध्याकाळी ओचा भरून नेणारीही हीच. पहारेकरी कधी असतो नि कधी नसतो ते तिला असं पाठ होतं! बाजारातून विकत आणलं म्हणाली असती, तर घराला तेच हवं होतं. आणखी एक खोटं, आणखी एक पायरी. खरं बोलली असती, तर ज्या तिघांना आत्ता पापी म्हणाली, त्यांच्याच पुढे चोर ठरणार होती.

सुलोचना म्हणाली, की गोमीबायने एकदा खाली पाण्याकडे पाहिलं. एकदा त्या तिघांकडे पाहिलं. मग ओच्यात उरलेलं मीठ मुठीत घेतलं, जिन्यावर वर तोंड केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाला ‘तुम्ही’ म्हणायचं सोडलं.

“चोरलंय मी ते, विसाजी, तू दिलं असतंस तर यांनी तुझं खाल्लं असतं, पण चोरलंय म्हणून ते माझं, आणि ते खाल्लेली ही माणसं माझी.”